व्हॉल्व्हवरची पांढरी रेघ

इस्माईलचाचा,

आपल्या कारखान्याच्या क्लबाच्या सेक्रेटरींनी परवा माझ्या हातात दोन कोरे ताव ठेवले आणि म्हणाले, "गोविंदा, आपल्या हस्तलिखितात चाचांवर लेख हवा. त्यांच्याबरोबर सगळ्यात जास्त तू राहिलास, तूच लिही." मी म्हटलं, माझी शाळा मराठी पाचवीत सुटली, मला लेख कुठून येणार? ते म्हणाले, "घरी पत्र लिहितोस ना? तसंच लिही." म्हणून हे पत्र. तुमचा जन्म कुठला, नोकरी किती वर्षांची, ते सगळं सेक्रेटरी स्वतः चौकटीत लिहिणार आहेत. तुम्हाला वाचता येत नव्हतं, त्यामुळे नेहमीसारखं मीच वाचून दाखवतोय असं समजा.

पहिली बातमी पंपाची. ठीक आहे. तुमच्या जियारतीला, म्हणजे तिसऱ्या दिवसाच्या प्रार्थनेला, आम्ही सगळे चिंचवडला आलो होतो, तेवढे दोन तास तो बंद होता. परत येऊन त्याला पाजलं, चालू केला, काठी लावून ऐकला. मग पुन्हा ऐकला. मग तिसऱ्यांदा. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "कोकण्या, डाक्टर बी एवढं तपासत न्हाई. पेशंट घाबरून मरंल."

दुसरी बातमी अशी, की आपटेसाहेबांनी मला बोलावलं होतं. पंपघराचा मिस्त्री म्हणून तुमच्या जागी मला घ्यायचं त्यांच्या मनात आहे. मी हो म्हटलेलं नाही. हस्तलिखित वाचा आणि मग विचारा, एवढंच म्हणालो. साहेबांना वाटलं मी लाजतोय. खरं कारण वेगळं आहे. तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली. ती सांगितल्याशिवाय मी पंपाजवळच्या तुमच्या स्टुलावर बसणार नाही, आणि ती वाचल्यावर साहेब मला तिथे बसू देतील की नाही, देव जाणे. पण आधी चांगलं सांगतो. तुम्हालाही रडका सूर आवडायचा नाही.

मी पहिल्यांदा पंपघरात आलो तो दिवस आठवतो का? आमच्या देवरुखकडच्या गावाहून एसटी, बोट आणि रेल्वे करत आलो होतो. पिंपरी स्टेशनाबाहेर नुसता माळ, मध्येच एखादी कारखान्याची चिमणी, आणि झाड म्हणावं असं झाड नाही. मला वाटलं, चुकीच्या स्टेशनावर उतरलो. कारखान्यात टाइमकीपरने मला तुमच्याकडे पाठवलं. तुम्ही स्टुलावर बसून पेरू खात होतात. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलंत आणि पहिला प्रश्न केलात, "पाणी प्यालास का?"

नाही म्हटल्यावर तांब्या पुढे केलात. दुसरा प्रश्न, "तेजाबाची भीती वाटती का?"

मी म्हटलं, "हो."

"किती?"

"खूप."

"मग जमंल," तुम्ही म्हणालात. "ज्याला वाटत न्हाई त्याला मी ठेवत न्हाई."

त्याआधी माझ्या घाबरट स्वभावाला कुणी चांगलं म्हटलं नव्हतं. आई म्हणायची, हा दाराची कडी तीनदा बघतो. तुम्ही मला कडी तीनदा बघायचीच नोकरी दिलीत.

आणि सुकट. ती कशी विसरेन? मी महिनाभर भाकरी-पिठल्यावर काढला तेव्हा तुम्ही खडकीच्या बाजारातून कागदाच्या पुडीत सुकट आणि चार सुके बोंबील आणलेत. खोलीतल्या साताऱ्याच्या दोघांनी मला चुलीसकट बाहेर काढलं. मी अंगणात बसून जेवलो आणि जेवताना डोळ्यांत पाणी आलं. तुम्ही समोर उकिडवे बसून विचारत होतात, "तिखट झालं का रं?" मी हो म्हटलं. चाचा, तिखट झालं नव्हतं.

आता आपल्या भांडणाकडे येतो. ते अर्धवट राहिलं आहे, आणि हस्तलिखित वाचणाऱ्यांतले निम्मे लोक आपल्या पंपघरात कधी आलेलेच नाहीत, म्हणून जरा मुळापासून सांगतो.

आपलं काम एकच. खालच्या टाकीतलं ॲसिड तीस फुटांवरच्या माचावरच्या टाकीत चढवायचं. तुम्ही त्याला कायम तेजाब म्हणालात. मी आलो तेव्हा हे काम दट्ट्याचा पंप करत होता. दट्ट्या मागे गेला की ॲसिड ओढायचा, पुढे आला की ढकलायचा. आमच्याकडे विहिरीवर लाट असते, लांब वाशाला एका टोकाला दगड आणि दुसऱ्याला पाण्याचं कोळंबं, खाली-वर, खाली-वर. मला तो पंप म्हणजे लोखंडाची लाटच वाटली. फक्त लाट कुणाच्या अंगावर येत नाही. हा पंप येईल असं वाटायचं. प्रत्येक धक्क्याला वरपर्यंतचा पाइप हलायचा. उचकी लागलेल्या माणसाने पाणी प्यावं तसं ते ॲसिड थांबत थांबत चढायचं. आणि त्याच्या पोटातले लहान व्हॉल्व्ह ॲसिड खाऊन टाकायचं. घट्ट ॲसिडापेक्षा पाणी घातलेलं ॲसिड लोखंडाला जास्त खातं, हे मला तुम्ही शिकवलंत. आपलं पाणी घातलेलं होतं. आठ-दहा दिवसांनी पंप उघडायचा, व्हॉल्व्ह घासायचे, बसवायचे, पुन्हा आठ-दहा दिवस. तुम्ही ते डोळे मिटून करायचात. खरंच मिटून. एकदा पैज लावून केलंत.

त्या पंपासाठी तुम्ही एक रीत घातली होती. वरच्या टाकीपाशी एक व्हॉल्व्ह होता. तो बंद असताना दट्ट्या चालू झाला तर ॲसिडाला जायला वाट नाही आणि दट्ट्या काही थांबायचा नाही. मग पाइप फुटणार, आणि पाइप पंप चालवणाऱ्याच्या डोक्यावरूनच गेलेला. म्हणून चालू करण्याआधी तुम्ही खालून हाक द्यायचात, "उघडला?" वरच्या माणसाने चाकाला हात लावूनच उत्तर द्यायचं, "उघडला." लांबून बघून नाही, हात लावून. थांबवताना उलट. वरची टाकी भरली की वरच्या माणसाने लटकवलेल्या रुळाच्या तुकड्यावर तीन ठोके द्यायचे, खाली पंप बंद व्हायचा, आणि मगच व्हॉल्व्हला हात. आधी पंप, मग व्हॉल्व्ह. भाकरी खाताना विचारलं तरी सांगता आलं पाहिजे, असं तुमचं म्हणणं.

कारण तुमच्या डाव्या हातावर होतं. मनगटापासून कोपरापर्यंत चुरगळलेल्या कागदासारखी कातडी. मुंबईला एका रंगाच्या कारखान्यात असताना वरच्या माणसाने पंप चालू असताना व्हॉल्व्ह फिरवला होता. मी एकदा विचारलं, त्याचा राग येत नाही का? तुम्ही पेरूला मीठ लावत होतात.

"हाताचं काय, हात हाय अजून. राग याचा येतो, की त्यो परत भेटायलाच आला न्हाई. दवाखान्यात बी न्हाई, घरी बी न्हाई. मी वाट बघितली. आला असता तर चहा पाजला असता."

"चहा?"

"मग काय, लाथा घालू? चूक झाली, ती झाली. येऊन सांगायचं तेवढं त्याच्या हातात हुतं."

हे वाक्य मला तेव्हा नुसतं आवडलं. पुढे ते मला फार लागलं. ते सांगतो.

दुसऱ्या वर्षी थंडीत साहेबांनी नवा पंप आणला. जुन्याच्या शेजारी बसवला, दोन महिने दोघांना एकाआड एक दिवस चालवायचं आणि मग कुठला ठेवायचा ते ठरवायचं. नाव सेंट्रिफ्यूगल. तुम्ही ते नाव एकदाही घेतलं नाहीत. शेवटपर्यंत "फिरक्या" म्हणालात. साहेबांनी समजावलं, आत एक पंखा आहे, तो वेगाने फिरतो, मध्ये आलेलं ॲसिड कडेला फेकतो आणि ते जोराने वर चढतं. तुम्ही मान हलवलीत आणि साहेब गेल्यावर मला म्हणालात, "नुसता फिरून कधी कुणी माडीवर चढलंय का रं?"

मी म्हटलं, "चाचा, ताक घुसळताना बघा. मध्ये खळगा पडतो आणि ताक डेऱ्याच्या कडेने वर चढतं. रवी जोरात फिरली तर बाहेर येतं."

तुम्ही नव्या पंपाच्या कवचावर बोट वाजवून पाहिलंत. मग म्हणालात, "ताक हाय ते. हे तेजाब हाय."

तिथून आपलं जे सुरू झालं ते संपलंच नाही. पहिल्याच दिवशी नवा पंप चालू केला तर नुसता गरगरला, वर थेंब नाही. साहेब म्हणाले, आधी त्याचं पोट भरावं लागतं, रिकाम्या पोटी तो हवाच घुसळत बसतो. त्यासाठी त्याच्या डोक्यावर छोटी टाकी होती, तिच्यातून ॲसिड सोडून पोट भरायचं. तुम्हाला हसू आवरेना. "बघ तुझा जावई. आधी पाजा, मग काम करणार."

"तुम्ही मला काय विचारलं होतं पहिल्या दिवशी? पाणी प्यालास का?"

"तू माणूस हायेस."

पण दुसऱ्या दिवशीपासून त्याला पाजायचं काम तुम्ही कुणाला करू दिलं नाहीत. मी पाहत होतो.

मग तुम्ही दोन्ही पंप पोत्यांवर उघडून मांडलेत, मला खोटं पाडायला. जुन्याचे तुकडे पोतं भरून जमिनीवर आले. दट्ट्या, कड्या, गोट्या, बैठका, स्प्रिंगा, आणि ज्यांची नावं फक्त तुम्हाला ठाऊक अशा गोष्टी. नव्याचा एक पंखा, एक दांडा, एक कवच, दांड्याभोवती गुंडाळायची पॅकिंगची दोरी. झालं. कवचाला आतून कडक रबराचं अस्तर, म्हणजे ॲसिडाला लोखंड दिसतच नाही. खायला व्हॉल्व्हच नाहीत त्याच्या पोटात. तुम्ही ती दोन पोती बराच वेळ पाहत बसलात. मला वाटलं, आता मानतील. तुम्ही म्हणालात, "एवढंच सामान? ह्यो बिघडल्यावर मी करू काय दिवसभर?"

मी हसलो. आता वाटतं, ते थट्टेत नव्हतं. तुमच्या हातातली विद्या त्या भरलेल्या पोत्यात होती, आणि मी रिकाम्या पोत्याची बाजू घेऊन नाचत होतो. त्याची माफी आधी मागतो.

नव्या पंपाचा प्रवाह एकसारखा. पाइप हलत नाही, सांधे गळत नाहीत. टाकीच्या तळाचा गाळ थोडा आला तरी पंख्यातून निघून जातो, जुन्याच्या बैठकीखाली तोच गाळ अडकायचा. ॲसिड कमी हवं तर पंपाजवळचा व्हॉल्व्ह थोडा मिटायचा, पंप कुरकुर करत नाही. हे सगळं मी तुम्हाला रोज सांगायचो आणि तुम्ही रोज एकच उत्तर द्यायचात, "काकवी चढवून दाखीव तुझ्या फिरक्याला. घट्ट काकवी. मग बोल."

त्याला सुरू करायची रीतसुद्धा तुम्हाला पटली नाही. पंपाजवळचा व्हॉल्व्ह आधी बंद ठेवायचा, पंप चालू करायचा, मग हळूहळू उघडायचा. "चालू करायच्या आधी बंद? उलट्या खोपडीचा पंप हाय." साहेबांनी एकदा सांगितलं, की याचा रस्ता पूर्ण बंद केला तरी थोडा वेळ काही होत नाही, आतल्या आत फिरत राहतो. तुम्ही तिथल्या तिथे म्हणालात, "साहेब, ते कागदावर. ती टेस्ट माझ्या पाइपाखाली कुणी घ्यायची न्हाई."

आणि आता ती दुपार, चाचा.

त्या दिवशी पाळी जुन्या पंपाची होती. मी वर माचावर. सकाळी जुना थांबला, तुम्ही खटपट करत बसलात. तासाभराने खालून हाक आली, "उघडला?" मी चाकाला हात लावून "उघडला" म्हटलं. मला वाटलं जुनाच दुरुस्त झाला. त्याचा एक व्हॉल्व्ह पार गेला होता आणि तुम्ही कंटाळून नवा चालू केला होतात, हे मला माहीत नव्हतं. पाइपाला हात लावला असता तरी कळलं असतं, तो हलत नव्हता. माझं लक्षच नव्हतं. माझ्या खिशात पत्र होतं.

नेहमी घरचं पत्र गुरुजींच्या अक्षरात यायचं. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या शांताने लिहिलं होतं. मोठी मोठी अक्षरं, एका ओळीत तीन शब्द. "बाबा तुमी आंबे लागल्यावर येनार का." एवढंच. मी ते माचावर उभा राहून किती वेळा वाचलं कोण जाणे. टाकी खुणेपर्यंत आली. मी पत्र खिशात ठेवलं, आणि ठोके न देता व्हॉल्व्ह बंद केला. घरची कडी लावावी तसा. आणि माझ्या सवयीने तीनदा आवळला.

तिसऱ्यांदा आवळताना डोक्यात आलं, खाली पंप चालू आहे. जुना. आणि त्याच्याजवळ, पाइपाखाली, तुम्ही स्टुलावर.

मी चाक उलटं फिरवायला गेलो तर ते हलेना, इतकं घट्ट बसलं होतं. रुळाचा तुकडा हाताशी लटकत होता, तो वाजवायचं सुचलं नाही. शिडी उतरलो की पडलो ते आठवत नाही. धावताना फक्त पाइप फुटल्याच्या आवाजाची वाट पाहत होतो. तो येत नव्हता, आणि प्रत्येक पावलाला वाटत होतं, आता.

मी दारात पोहोचलो तेव्हा तुम्ही नव्या पंपाशेजारी बसला होतात. काठीचं एक टोक पंपाला, दुसरं कानाला. चेहरा असा, की लांबच्या देवळात कुणी गात आहे आणि शब्द नीट ऐकू येत नाहीत.

"आवाज बदलला," तुम्ही म्हणालात. "ह्यो गुणगुणतोय." मग पंपावर तळहात ठेवलात. "पोट तापायला लागलंय जरा." उठलात, सावकाश बटण दाबून बंद केलात आणि माझ्याकडे पाहिलंत. मी चौकट धरून उभा होतो, धाप लागलेली, गुडघा फुटलेला.

"कोकण्या, टेस्ट घेतलीस व्हय रं? मला न सांगता?"

आणि मी म्हणालो, "हो, चाचा."

दोन शब्द. तेवढ्यासाठी हे दोन ताव.

तुम्ही मला रागावला नाहीत. तांब्या पुढे केलात. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांसमोर जाऊन उभे राहिलात. मी मागे होतो. "साहेब, काल म्या टेस्ट घ्यायला लावली. वरचा व्हॉल्व्ह पुरा बंद. ह्यो फिरक्या आतल्या आत फिरत बसला, पाइपाला धक्का न्हाई. जुना असता तर मी आज हितं उभा नसतो. फिरक्या ठेवा." साहेब उठून उभे राहिले. दोन महिने ज्या माणसाने त्या पंपाला नावं ठेवली त्याचं हे बोलणं. जेवणाच्या सुट्टीत सगळ्या कारखान्यात झालं, की म्हाताऱ्याने जिवावर उदार होऊन टेस्ट घेतली. लोक तुमच्याकडे बघायला येत होते. तुम्ही पेरू खात होतात.

मी त्या रात्री आणि पुढे कित्येक रात्री एकच हिशेब करत राहिलो. जुन्या पंपाचा व्हॉल्व्ह सकाळी गेला नसता तर. एका खाऊन गेलेल्या व्हॉल्व्हमुळे आणि एका फिरत्या पंख्यामुळे तुम्ही वाचलात. माझ्यामुळे नाही. माझ्यामुळे तुम्ही गेला असतात. मग सांगायचं ठरवायचो. सकाळी तुमच्या समोर आलं की तुमच्या हाताकडे लक्ष जायचं, तो मुंबईचा माणूस आठवायचा, आणि मी म्हणायचो, "चाचा, चहा घेता?" चार वर्षांत किती चहा झाले. एका चहालाही ते तोंडातून निघालं नाही.

शेवटच्या आठवड्यात तुम्हाला ताप होता तेव्हा मी चिंचवडला रोज येत होतो. एकदा चाची आत गेल्या, आपण दोघेच होतो. मी म्हणालो, "चाचा, एक सांगायचंय." तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, "काकवीचं काय झालं?" आणि मला हसू आलं. मी म्हटलं, "काकवीला तुमचा दट्ट्याच बरा." हे मात्र खरं मानतो चाचा, हस्तलिखितात लिहून देतो: घट्ट माल असेल, थेंब मोजून द्यायचा असेल, तिथे दट्ट्याला तोड नाही. आपल्या ॲसिडाला फिरक्या. तुम्ही समाधानाने मान हलवलीत. तेवढ्यात चाची चहा घेऊन आल्या, आणि माझं सांगायचं राहिलं ते राहिलंच.

आता गेल्या आठवड्यातली गोष्ट. ती झाली नसती तर मी हा लेख सुकटीवर आणि पेरूवर संपवला असता.

पंपघरात नवा माणूस आला आहे, निवृत्ती, बीडकडचा. मी त्याला माचावर नेऊन सगळं दाखवत होतो. व्हॉल्व्हच्या चाकावर आणि त्याच्या मानेवर जी पांढरी रेघ आहे, तिच्यावर बोट ठेवून त्याने विचारलं, "हे कशाला हो?"

मी म्हटलं, "दोन रेघा समोरासमोर आल्या की थांबायचं. पुढे आवळायचं नाही. चाक अडकतं."

"कुणी मारली?"

"चाचांनी."

"कधी अडकलं होतं का?"

हो म्हणता म्हणता मला ती दुपार आठवली.

चाचा, ती रेघ तुम्ही त्या दुपारनंतर मारलीत. मला नीट आठवतं. टेस्ट झाली त्याच संध्याकाळी तुम्ही पाना घेऊन एकटे वर गेला होतात. तुमचा गुडघा दुखत होता तरी. चाक सोडवायला. कारण मी ते सोडवायला वर गेलोच नाही, माझी हिंमत नव्हती. तुम्ही ते तीनदा आवळलेलं चाक तुमच्या हाताने सोडवलंत. टेस्ट घेणारा माणूस चाक असं आवळत नाही. ज्याला लगेच उघडायचं आहे तो हलक्या हाताने मिटतो. असं आवळणारा कारखान्यात एकच होता, आणि तो कडी तीनदा बघतो हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आधी साहेबांकडे गेलात, मग रंगाचा डबा घेऊन वर. आणि त्यानंतर दोन दिवस पत्रे कापत बसलात. तुपाच्या डब्याचे दोन पत्रे, एक लाल रंगवलेला, एक पिवळा, आणि खालून माचापर्यंत तार. जुना पंप चालू असला की वर लाल पत्रा दिसायचा, नवा असला की पिवळा. मी तुम्हाला हसलो होतो. "चाचा, महिन्याभरात जुना निघणार. कशाला एवढा खटाटोप?"

"महिनाभर तर हाय ना," तुम्ही म्हणालात.

"पण कुणासाठी?"

"नव्या माणसासाठी."

तेव्हा पंपघरात नवा माणूस कुणीच नव्हता. तुम्ही होतात आणि मी होतो. हे मला कळायला चार वर्षं लागली आणि बीडहून निवृत्तीला यावं लागलं. मी इतका हसायचो त्या पत्र्यांना. जुना पंप गेला, तारेवर पिवळा पत्रा एकटाच राहिला, तरी तुम्ही तो काढू दिला नाहीत. आणि दर खंडेनवमीला आम्ही पंपाला झेंडूची माळ घालायचो तेव्हा तुम्ही ब्रश घेऊन वर चढायचात आणि रेघ नवी करून यायचात. मला हाक द्यायचात, "कोकण्या, रेघ बघून घे." मी बघून घ्यायचो. तीनदा.

तुम्हाला ठाऊक होतं. त्या दुपारी दारात माझा फुटलेला गुडघा पाहिलात तेव्हाच ठाऊक झालं असेल. "टेस्ट घेतलीस व्हय रं" हा प्रश्नच नव्हता, पडणाऱ्या माणसाला हात द्यावा तसं ते होतं, आणि मी तो धरला. तुम्ही माझी चूक स्वतःच्या नावावर साहेबांना सांगितलीत. नवा पंप मनापासून आवडत नसताना तो ठेवून घेतलात, कारण माझ्यासारखा माणूस वर उभा असेल तर खाली चूक पोटात घालणाराच पंप हवा. साहेब त्याचे गुण इंग्रजी पुस्तकातून सांगतात. मी निवृत्तीला एवढंच सांगतो, की हा पंप रस्ता बंद झाला तरी कुणाच्या अंगावर येत नाही, थोडा तापतो, गुणगुणतो आणि वाट बघतो. तेवढ्यात आपण धावत यायचं.

निवृत्तीला मी माचावरच सगळं सांगितलं. पत्र, कडी, गुडघा, सगळं. आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. त्याने रेघेवरून बोट फिरवलं.

"मग म्हाताऱ्यानं तुम्हाला कामावरून काढलं नाही?"

"नाही. रेघ मारून दिली."

त्याने चाकाला हात लावला, खाली वाकून पाहिलं, आणि मला म्हणाला, "मलाबी पत्र येतं की हो घरून." मी म्हटलं, "येऊ दे. पत्र खाली वाचायचं. स्टुलावर बसून." ही तुमच्या रीतीत मी घातलेली पहिली भर. तुम्हाला चालेल ना?

आपटेसाहेब, आपण हे वाचाल तेव्हा पाइपाखाली झालेली ती टेस्ट टेस्ट नव्हती हे आपल्याला कळेल. पंप चांगलाच आहे, त्यात खोटं काही नाही. माणसाबद्दल आपण ठरवा. मी रोजच्या वेळेला कामावर येईन.

आणि चाचा, उद्या जुम्मा आहे. सुट्टी झाली की मी चिंचवडला चाचींकडे जाणार आहे, हे दोन ताव घेऊन, आणि तुम्हाला वाचून दाखवायचो तसे त्यांना वाचून दाखवणार आहे. येताना खडकीहून पेरू घेईन. तुम्ही ज्याची वाट पाहत होतात तो मुंबईचा माणूस काही आला नाही. पिंपरीचा येतोय. चार वर्षं उशीर झाला, वाट चुकली नाही. चहा ठेवायला सांगा.

तुमचा,
गोविंदा